तीन चौरस मीटरांचा न्याय

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या गृह मंत्रालयाने बेल्जियमच्या सरकारला एक लेखी हमी दिली. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाऊस शाखेतून १३,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा अपहार झाल्याचे प्रकरण २०१८ च्या आरंभी उघडकीस आले होते. त्यातील एक प्रमुख आरोपी, हिरेव्यापारी मेहुल चोक्सी, याला एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली, आणि त्याचे प्रत्यार्पण व्हावे म्हणून ही हमी देण्यात आली. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ मध्ये त्याला ठेवले जाईल. सामानसुमानाची जागा वगळून त्याला किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा मिळेल. स्वच्छ चटई, उशी, चादर व पांघरूण मिळेल. प्रकृतीसाठी आवश्यक ठरल्यास खाट मिळेल. दिवसातून तीनदा अन्न, रोज एक तासाहून अधिक वेळ मोकळी हवा, बैठे खेळ, बॅडमिंटन आणि अहोरात्र वैद्यकीय सेवा मिळेल, असा तपशील तीत होता. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी अँटवर्पच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाला अनुकूल निर्णय दिला, आणि डिसेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले.

या हमीतील एकही कलम गैर नाही. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे अशा माणसाला झोपण्यापुरती जागा, पांघरूण आणि डॉक्टर मिळावा, यात उदारपणा कसला? प्रश्न वेगळाच आहे. त्याच आवारात, त्याच भिंतीच्या आत, त्याच तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाताखाली जे हजारो इतर कैदी आहेत, त्यांपैकी बहुतेकांचाही गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे. त्यांना अशी हमी कोणी दिली आहे? आणि दिली नसेल, तर एकाच तुरुंगात दोन मापांचा न्याय कोणत्या नियमाने चालतो?

गुन्हेगारी प्रतिबंध आणि फौजदारी न्याय यांबाबतचे आंतरराष्ट्रीय सहकार्य हा विषय सर्वसामान्य कार्यकर्त्याला दूरचा वाटतो. व्हिएन्ना, द हेग, लिओं अशा ठिकाणी चालणाऱ्या परिषदांचा लालबाग-परळच्या माणसाशी काय संबंध, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण हा संबंध सात रस्त्याहून चिंचपोकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कस्तुरबा रुग्णालयाच्या शेजारी, दगडी भिंतीच्या रूपाने उभा आहे.

व्हिएन्ना ते सात रस्ता

तुरुंगाच्या प्रश्नावर राष्ट्रांनी एकत्र येण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्याकडे घेतले. १९५५ साली जिनीव्हा येथे भरलेल्या पहिल्या परिषदेत कैद्यांना वागविण्याविषयीचे किमान दर्जाचे नियम संमत झाले. म्हणजे या साऱ्या सहकार्याचा आरंभ फरारी आरोपी पकडण्यापासून झालेला नाही; बंदिवान माणसाला माणसासारखे वागवावे या विचाराला त्यात आरंभीच स्थान मिळाले होते. हे विसरले गेले आहे म्हणून मुद्दाम सांगावे लागते.

पुढे वारे बदलले. १९९१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने या कार्यक्रमाची फेररचना केली आणि १९९२ मध्ये त्यासाठी चाळीस सदस्य-देशांचा एक आयोग व्हिएन्ना येथे काम करू लागला. तत्पूर्वी ही जबाबदारी तज्ज्ञांच्या एका समितीकडे होती. तज्ज्ञांच्या जागी सरकारांचे प्रतिनिधी आले. यामुळे निर्णयांना वजन आले हे खरेच, परंतु विषयपत्रिकाही सरकारांच्या सोयीची झाली. २००० सालचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा करार आणि २००३ सालचा भ्रष्टाचारविरोधी करार ही या काळाची दोन मोठी फळे. भारताने या दोहोंना २०११ मध्ये अंतिम मान्यता दिली. तुरुंगविषयक नियमांची सुधारणा मात्र २०१५ पर्यंत रखडली. ती झाली तेव्हा सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव तिला देण्यात आले.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण कोणत्याही संस्थेचे खरे धोरण तिच्या घोषणापत्रापेक्षा तिच्या अंदाजपत्रकात अधिक स्पष्ट दिसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या या कार्यालयाचा बहुतांश खर्च देणगीदार देशांच्या ऐच्छिक मदतीवर चालतो आणि ही मदत बहुधा विशिष्ट कामासाठी बांधून दिलेली असते. श्रीमंत देशांना ज्याची भीती वाटते त्याला निधी मिळतो: अंमली पदार्थ, दहशतवाद, बेकायदा स्थलांतर. गरीब देशांतल्या गर्दीने भरलेल्या तुरुंगांची भीती कोणाला वाटत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला प्रशिक्षणवर्ग आणि पुस्तिका येतात. निरनिराळ्या संस्थांच्या मदतकार्यात सुसूत्रता आणण्याची भाषा प्रत्येक ठरावात असते. परंतु देणाऱ्यांच्या अग्रक्रमांत सुसूत्रता आणणे आणि घेणाऱ्या समाजाच्या गरजा भागविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एका तुरुंगाचा आंतरराष्ट्रीय पत्ता

आर्थर रोडचा तुरुंग हा या सहकार्याच्या नकाशावरील एक ठळक बिंदू आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. दादरचे प्लाझा चित्रपटगृह, वरळीचा सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार अशा गजबजलेल्या जागी २५७ माणसे प्राणास मुकली. या खटल्याचे विशेष न्यायालय याच तुरुंगाच्या आवारात बसत होते. त्यातील आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालकडून २००५ मध्ये भारतात आणण्यात आले. त्यासाठी २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने, फाशी दिली जाणार नाही व पंचवीस वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी भारताने दिली होती. ही हमी राष्ट्राचा शब्द असून ती पाळली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सरकारला बजावले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन ज्याला जिवंत पकडून दिले, त्या अजमल कसाबचा खटलाही याच आवारातील विशेष न्यायालयात चालला. ज्या गुन्ह्याने सारी मुंबई हादरली त्याच्या आरोपीलाही वकील मिळाला, साक्षी तपासल्या गेल्या, निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले. त्या कटातील डेव्हिड हेडली याची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतून दूरदृश्य यंत्रणेद्वारे मुंबईच्या न्यायालयात नोंदविण्यात आली आणि तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या स्वाधीन केले. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे निव्वळ कागदी घोडे नव्हेत, हे या प्रकरणांवरून दिसते. ज्यांची माणसे प्लाझासमोर किंवा छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर मारली गेली, त्यांचा न्यायावरचा हक्क देशाच्या सीमेपाशी संपत नाही. समाजवाद्यांनी या सहकार्याकडे संशयाने पाहून स्वस्थ बसणे बरोबर होणार नाही.

याच मालिकेतील पुढचा अध्याय कर्जबुडव्या धनिकांचा. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देश सोडून गेला. त्याच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागविले. खिडकीतून उजेड किती येतो, शौचकूप कसे आहे, हवा कशी खेळते, यांचा ऊहापोह हजारो मैलांवरील न्यायपीठापुढे झाला. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने प्रत्यार्पणाच्या बाजूने निर्णय दिला आणि एप्रिल २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने मल्ल्याचे अपील फेटाळले. नीरव मोदीच्या प्रकरणातही फेब्रुवारी २०२१ च्या निकालात हीच बराक केंद्रस्थानी होती. ज्या तुरुंगाकडे आपल्या विधानसभेने क्वचितच गंभीरपणे पाहिले असेल, त्याच्या एका बराकीचे क्षेत्रफळ लंडन आणि अँटवर्प येथे मोजले गेले.

भिंतीच्या आतले दोन वर्ग

आता त्या बराकीच्या बाहेर, पण त्याच भिंतीच्या आत पाहू. या तुरुंगाची मंजूर क्षमता कित्येक वर्षे ८०४ होती. ती पुढे वाढवून हजाराच्या जवळ नेली गेली, तरी कैद्यांची संख्या मंजूर क्षमतेच्या अनेक पट राहत आली आहे. मे २०२० मध्ये कोरोनाची साथ या तुरुंगात शिरली तेव्हा शंभराहून अधिक कैद्यांना पाहता पाहता लागण झाली. जेथे कूस बदलावयाला जागा नाही तेथे सहा फुटांचे अंतर कोण आणि कसे राखणार होते?

सबंध देशाचे चित्र याहून निराळे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार होती आणि आत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, हे कच्चे कैदी होते. या दोन आकड्यांची जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. देशातील सर्व तुरुंगांची मिळून जेवढी क्षमता, जवळजवळ तेवढे केवळ कच्चे कैदीच आहेत. गर्दीचे कारण गुन्हेगारांची वाढ नसून खटल्यांचा विलंब आणि जामिनाची किंमत हे आहे.

जामिनाची किंमत हा शब्दप्रयोग अर्थशास्त्राच्या काटेकोर अर्थानेच घ्यावयाचा. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जामीन मंजूर होऊनही त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागण्यात आला होता. भावाने जामीन राहण्याची तयारी दाखविली, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी या पद्धतीवर कोरडे ओढले. पुढल्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात, शिक्षा झाली असती तरी जितका काळ तुरुंगात काढावा लागला नसता त्याहून अधिक काळ खटल्यावाचून डांबलेली माणसे बिहारच्या तुरुंगांत सापडली. चार दशकांहून अधिक काळ लोटला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या साहाय्यासाठी योजना आणली आणि जामिनासाठी दर कच्च्या कैद्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु अशी योजना आणावी लागली, हीच एक कबुली आहे: मोतीरामचे वारस अजूनही आतच आहेत.

२०१८ च्या फरारी आर्थिक गुन्हेगार कायद्याला हात घालण्यासाठी गुन्ह्याची रक्कम किमान १०० कोटी रुपये असावी लागते. एका टोकाला १०० कोटींची पायरी, दुसऱ्या टोकाला ४०,००० रुपयांची मर्यादा. या दोन आकड्यांच्या मध्ये आपली वर्गव्यवस्था उभी आहे. जो पैसे घेऊन परदेशी जाऊ शकतो त्याच्या कोठडीची पाहणी होते, कारण त्याला परत आणावयाचे असते. ज्याला कोठेच जाता येत नाही त्याच्या कोठडीची पाहणी करण्याचे कोणाला कारण नसते. पळून जाण्याची ऐपत हीच जणू मानवी हक्कांची पात्रता ठरली आहे.

झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालविलेले वृद्ध फादर स्टॅन स्वामी तळोजाच्या तुरुंगात कच्चे कैदी होते. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि पेला मिळावा म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि त्यावर उत्तर देण्यास तपासयंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात, खटला सुरू होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. उशी, चादर आणि बॅडमिंटन यांची यादी करून परदेशी पाठविणारे सरकार आणि हे सरकार एकच आहे.

मानवी हक्कांमुळे गुन्हेगार सुटतात काय?

या ठिकाणी एक आक्षेप हटकून घेतला जातो. परदेशी न्यायालये मानवी हक्कांचा बाऊ करतात, आणि त्यामुळे आपले गुन्हेगार तेथे सुखाने राहतात, असे दादरच्या कट्ट्यापासून दिल्लीच्या सभागृहापर्यंत सर्वत्र ऐकू येते. यात अर्धसत्य आहे. १९९५ च्या पुरुलिया शस्त्रप्रकरणातील किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. शस्त्रास्त्रांच्या व्यवहारातील दलाल म्हणून गाजलेला संजय भंडारी याच्या बाबतीत लंडनच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रत्यार्पणाचा आदेश रद्द केला. कोठडीत छळ होण्याचा धोका, हे या नकारांमागचे महत्त्वाचे कारण होते.

पण हा धोका त्या न्यायाधीशांनी कल्पनेतून काढलेला नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला अंतिम मान्यता मात्र दिली नाही. तशी मान्यता देता यावी म्हणून आणलेले विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे बारगळले. जगातील बहुसंख्य राष्ट्रांनी जो करार स्वीकारला त्याच्या उंबरठ्यावर आपण पाव शतकाहून अधिक काळ उभे आहोत. परदेशी वकिलाला याहून चांगला युक्तिवाद कोणता हवा? गुन्हेगार सुटतो तो मानवी हक्कांमुळे नव्हे, मानवी हक्कांचा कायदा आपण केला नाही म्हणून. किम डेव्हीला वाचविणारा खरा वकील आपल्याच पोलीस कोठडीत सापडतो.

मुंबईला ही गोष्ट परकी नाही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या मारहाणीची हकीकत पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचविली. फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, अटक होताच विधिसाहाय्य समितीला कळविणे, सत्र न्यायाधीशांनी पूर्वसूचनेवाचून कोठड्यांना भेटी देणे, असे आदेश दिले. म्हणजे परदेशी न्यायालये आज जे विचारतात ते या नगरीतील एका स्त्रीने चार दशकांपूर्वीच विचारले होते. फरक एवढाच की, बेल्जियमच्या प्रश्नाला सरकारने तपशीलवार उत्तर दिले.

प्रतिबंध म्हणजे काय?

या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच गुन्हेगारी प्रतिबंध हा शब्द फौजदारी न्यायाच्या आधी येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रोजगार, शिक्षण, निवारा आणि वस्तीचा सहभाग यांना प्रतिबंधाचे आधार मानले आहे. याचा अर्थ गिरणगावाला कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. मुंबईतील पहिली नोंदलेली चकमक म्हणून ती घटना ओळखली जाते. त्यानंतर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन तारखांत कार्यकारणभाव नाही, परंतु पुढील दोन दशकांचा इतिहास त्या दोन रुळांवरून धावला. एका रुळावरून पगार गेला, गिरणी गेली, चाळीतले व्यायामशाळेचे आणि वाचनालयाचे जीवन विरले. दुसऱ्या रुळावरून टोळ्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग चकमकी आल्या. बेकार झालेल्या कामगाराच्या मुलाला टोळीने दरमहा पैसे देऊ केले, ही लालबाग-परळमध्ये घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट आहे. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव आणि १९९७ मध्ये खुद्द डॉ. सामंत गोळ्यांना बळी पडले, तोवर गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव येऊ लागला होता. २००१ मध्ये विकास नियमावली बदलली आणि शहराच्या वाट्याला येऊ शकणारी बरीचशी मोकळी जमीन मालकांच्या पदरात पडली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. त्या जमिनींवर कामगारांच्या घरांचे आणि त्यांच्या मुलांच्या रोजगाराचे जे आश्वासन होते, ते प्रामाणिकपणे पाळले गेले असते तर त्याहून मोठा गुन्हेगारी प्रतिबंधक कार्यक्रम या शहरात दुसरा कोणता झाला असता?

गुन्हा घडल्यावर तीन खंडांत यंत्रणा हलतात. गुन्हा घडविणारी परिस्थिती तयार होत असताना एक महानगरपालिका हलत नाही. ही सुसूत्रतेची खरी उणीव आहे.

सावधगिरीचा मुद्दा

सहकार्याचे समर्थन करताना एक भान सुटता कामा नये. गुन्हेगार कोण हे सत्ता ठरविते, आणि सत्ता नेहमी न्यायी नसते. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हाती देण्यात आले. हेग येथील लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये, या कृतीत अनियमितता झाली असली तरी त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय दिला. सावरकरांच्या पुढील राजकारणाशी समाजवाद्यांचा उभा दावा आहे. म्हणून त्या दिवशी दोन साम्राज्यांनी एका कैद्याच्या आश्रयाच्या हक्काची जी वासलात लावली ती न्याय्य ठरत नाही. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर बडोदा डायनामाइट खटला भरला गेला. बेड्या घातलेला तो आरोपी १९७७ मध्ये तुरुंगातूनच लोकसभेवर निवडून आला आणि खटला मागे घेण्यात आला. त्या काळी आजच्यासारखी तत्पर आंतरराष्ट्रीय पोलीसव्यवस्था असती, तर भूमिगत कार्यकर्त्यांच्या परदेशस्थ सहकाऱ्यांचे काय झाले असते, याचा विचार आजही उपयोगी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने संगणकीय गुन्ह्यांविषयीचा नवा करार संमत केला. माहितीच्या देवाणघेवाणीला त्यात जितकी मुभा आहे, तितकेच पत्रकार व कार्यकर्ते यांचे संरक्षण मजबूत आहे काय, हे तपासून पाहावे लागेल.

एकासाठी जमते ते सर्वांसाठी

आता मूळ मुद्द्याकडे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार तुरुंग हा राज्यांच्या अधिकारातला विषय आहे. संसदेत तुरुंगांच्या गर्दीविषयी प्रश्न विचारला की, हा विषय राज्यांचा आहे, असे केंद्राचे ठरीव उत्तर मिळते. राज्याला विचारावे तर निधी नाही, जागा नाही, न्यायालयांतून खटले निकाली निघत नाहीत, ही कारणे तयार असतात. परंतु चोक्सीच्या प्रकरणात काय झाले? परराष्ट्र मंत्रालय, गृह मंत्रालय, केंद्रीय अन्वेषण विभाग, महाराष्ट्राचे तुरुंग खाते, सारे एका बराकीच्या एका खोलीसाठी एकदिलाने कामाला लागले. केंद्राने राज्याच्या तुरुंगाविषयी परदेशाला शब्द दिला आणि राज्याने तो मान्य केला. घटनेचे परिशिष्ट आड आले नाही. सुसूत्रता अशक्य नाही, हे सरकारने स्वतःच्याच हमीने सिद्ध केले आहे. हाच या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा धडा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांची मागणी चोक्सीच्या सोयी काढून घेण्याची असू नये. तसे करणे म्हणजे सर्वांना सारखेच चिरडण्याची समता मागणे होय. मागणी अशी असावी: बेल्जियमला दिलेली हमी हाच महाराष्ट्रातील प्रत्येक कैद्यासाठी किमान दर्जा म्हणून राज्य सरकारने जाहीर करावा. तीन चौरस मीटरांचे माप युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या निर्णयांतून आले आहे. भारत सरकारने ते एकदा लेखी मान्य केल्यावर, समतेच्या तत्त्वाने बांधलेल्या राज्यात ते एका माणसापुरते कसे ठेवता येईल? घटनेचा चौदावा अनुच्छेद बराकीचा क्रमांक विचारत नाही.

हे घडवून आणण्याची साधने हाताशी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश मुदत आत काढली असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावयाचे आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही. जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू आहे, असे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. परंतु बाहेरून कोणी विचारणारा नसेल तर कायद्यातली तारीख पुस्तकातच राहते. गिरगावपासून दादरपर्यंतच्या प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील कच्च्या कैद्यांची यादी करावी, प्रत्येकाची मुदत मोजावी, कुटुंबाला विधिसेवा प्राधिकरणापर्यंत पोहोचवावे, आणि गरीब कैद्यांच्या योजनेतून किती रक्कम प्रत्यक्ष खर्च झाली हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. आमदारांकरवी विधिमंडळात, खासदारांकरवी संसदेत, छळविरोधी कायद्याचा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात उपस्थित व्हावा. काम कंटाळवाणे आहे. मोर्च्याचे तेज त्यात नाही. पण ज्या घरातला कमावता माणूस दोन वर्षे आत आहे, त्या घराला त्याची किंमत ठाऊक असते.

आर्थर रोडचे अधिकृत नाव साने गुरुजी मार्ग असे आहे. एका ब्रिटिश गव्हर्नराचे नाव काढून, ज्याने धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेतली आणि नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, अशा कैद्याचे नाव या रस्त्याला देण्यात आले. रस्त्याची पाटी बदलणे सोपे होते. रस्त्याकडेच्या तुरुंगात त्या नावाला साजेसा बदल करणे हे काम राहून गेले आहे. बराक क्रमांक १२ ची हमी उरलेल्या बराकींना लागू होईल तेव्हाच ते सुरू झाले असे म्हणता येईल.